नाथसागरात (पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय) शिडाची होडी वाऱ्यावर चढवताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे तिरकी नेताना, वारा नेमका कुठून येतोय, हे कसं ओळखायचं?

पुढच्या शिडावरचे धागे बघा. डोलकाठीच्या टोकावरचा झेंडा खरा वारा दाखवत नाही. पैठण रोडवर फटफटी पळवताना आडवा वाराही समोरून लागतो ना, तसंच. वारा 10 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि होडीच्या पुढच्या टोकापासून 45 अंशांवरून, होडी 4 नॉट, तर झेंडा 33 अंशांच्या आसपास दाखवणार. खरा वारा पाण्यावर वाचायचा: बारीक लहरींच्या रेघा त्याला आडव्या असतात.

धागे लोकरीचे, वीतभर लांब. शिडाच्या पुढच्या कडेपासून 20-30 सेंमी मागे, तीन उंचीवर, दोन्ही अंगांना. शिवणीजवळ लावले तर अडकतात. पावसात लोकर भिजून कापडाला चिकटते, धागा शांत दिसतो आणि माणूस फसतो. तेव्हा नायलॉनच्या पातळ कापडाची पट्टी बरी.

दोरी ताणून शीड एकदा बसवलं की ते तसंच राहू द्या, फक्त सुकाणू सांभाळा. तुम्ही वाऱ्याच्या बाजूला बसलेले असता. तुमच्याकडचा धागा फडफडला, म्हणजे नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यात जास्त घुसली. सुकाणूचा दांडा अंगाकडे ओढा. पलीकडचा गरगरला (कापडातून त्याची सावली दिसते), म्हणजे होडी खाली पडली, वाऱ्यापासून जास्त दूर वळली. दांडा पलीकडे ढकला. दोन-तीन अंशांचंच काम असतं. पहिली चूक लगेच कळते, कारण शीड थरथरतं. दुसरी जास्त घातक: शीड गच्च भरलेलं दिसतं, होडी कलते, पण पुढे सरकत नाही.

पाण्यावर काळसर पट्टा सरकत आला की झोत आला समजा. झोतात लागणारा वारा (चालत्या होडीवर जाणवणारा) थोडा मागे सरकतो, पलीकडचा धागा बिघडतो. तेव्हा नाळ जरा वर, म्हणजे वाऱ्याकडे घ्या, फुकटची चढ मिळते. झोत ओसरला की उलटं. तुमच्याकडचा धागा फडफडतो आणि नवखा माणूस 'वारा फिरला' म्हणून लगेच खाली वळतो. थांबा. आठ-दहा सेकंदांनीही फडफड तशीच असेल, तरच वारा फिरलाय.

पावसाळी वारा पश्चिमेकडून जलाशयाच्या लांबीभर धावत धरणाच्या भिंतीकडे येतो, त्यामुळे लाटा भिंतीच्या अंगाला मोठ्या. तिथं प्रत्येक उसळीला धागे नाचतात. त्यांच्यामागे दांडा हलवत बसलात तर होडी जागेवरच. तिथं चार-पाच अंश खालीच चालवा, वेग राहू द्या. आणि हे पक्षी अभयारण्य आहे, परवानगी आधी काढा.