शिकारीत मिळालेले फेझंट साफ कसे करायचे आणि किती दिवस टिकतात?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या साऊथ डकोटात शेजाऱ्यांबरोबर शिकारीला गेलात, 3 फेझंट (कोंबडीच्या कुळातले रानपक्षी) मिळाले, आणि इंदूरहून येणाऱ्या आईवडिलांसाठी ते ठेवायचे आहेत. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. आजोबा तितर-बटेर आणत आणि आजी ते साफ करी, त्या काळात शिकारीला बंदी नव्हती. मी तिच्याकडून शिकले ते गावठी कोंबडीवर. पुढे आयोवात मुलाकडे राहिले तेव्हा शेजारी फेझंट आणून देत, तिथे हात बसला.

आजीचं एकच म्हणणं असे: आधी पोट, मग पिसं. मांस नासतं ते पक्ष्याच्या अंगातल्या उबेनं. म्हणून पक्षी एकावर एक रचून पिशवीत कोंबू नका, गाडीच्या गरम डिकीत तर नाहीच. मोकळे ठेवा, वारा लागू द्या, आणि जमेल तितक्या लवकर पोट साफ करा. हातमोजे घाला. गुदद्वाराजवळ छोटा छेद देऊन दोन बोटांनी आतडी अलगद ओढा, पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. गळ्याशी दाण्यांची पिशवी असते, तीही काढा. कलेजी आणि पेटा हवा असेल तर वेगळा ठेवा, तो लवकर खराब होतो. मग बर्फावर.

एक गोष्ट मात्र विसरू नका. साऊथ डकोटात फक्त नर फेझंट मारायची परवानगी असते, म्हणून पक्षी नर आहे हे ओळखता यावं यासाठी घरी पोचेपर्यंत डोकं, पंख किंवा पाय पक्ष्याला तसाच राहू द्यावा लागतो.

फेझंटची कातडी पातळ असते, पिसं उपटताना फाटते. मी सरळ सोलून टाकते. छर्रा लागलेल्या जागी मांस काळपट पडतं, कधी पिसंही आत गेलेली असतात. तेवढा भाग सढळ हातानं कापून टाका, कंजुषी नको. छर्रे शिशाचे असतील तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे मांस देऊच नका. पुढच्या वेळी स्टीलचे छर्रे घ्या.

थंड पाण्यानं धुऊन, कापडानं कोरडं करा. फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअसखाली एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीझरच. एका जेवणापुरते तुकडे, हवा पूर्ण काढलेली पिशवी, वर तारीख. उणे 18 अंशांत टिकतं, पण 6 महिन्यांत संपवा, नंतर चव जाते. बाहेर काढलंत की ओट्यावर नाही, रात्रभर फ्रिजमध्येच वितळू द्या.

इथे भारतात कुणी हे वाचत असेल तर कळकळीनं सांगते, रानातल्या तितर-बटेरांना हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, आणि आमच्याजवळच्या घाटीगावला माळढोकाच्या नावाचं अभयारण्य आहे, माळढोक मात्र तिथे दिसत नाही. खायचेच तर पाळीव पक्षी घ्या, साफ करायची रीत तीच.

शिजवताना छाती आणि तंगड्या वेगळ्या करा. छाती पटकन कोरडी पडते, आत 74 अंश झाले की उतरवा. तंगड्यांत शिरा फार, त्या दही-आलं-लसणात मुरवून मंद आचेवर रश्श्यात शिजवा. आईला बहुधा तोच जास्त आवडेल.