पंख्याची नवी मोटर आणण्याआधी जुनी तपासा

तुमची लक्षणं माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. १८ वर्षं जुनी पेट्रोल गाडी. सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो, रस्ता मोकळा मिळाला की उतरतो. एसी लावला तरी रेडिएटरचा पंखा फिरत नाही. फ्यूज काढून बघितला, तार शाबूत आहे. मेकॅनिक म्हणतो पंख्याची मोटर गेली, बदलून टाकू.

गेलीही असेल. पण तपासली कुणी? बॅटरीपासून पंख्यापर्यंतच्या वाटेवर फ्यूज, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच), दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि अर्थिंगची (बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसला जाणारी) वायर एवढी मंडळी बसलेली असतात, आणि बाजूला हुकूम सोडणारा स्विच किंवा सेन्सर. माझ्याच जुन्या गाडीत मी नवी मोटर बसवली, पंखा झकास फिरला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. दोष निघाला अर्थिंगच्या बोल्टखाली साचलेल्या गंजात. मोटर बदलताना वायर हलली, तेवढ्यापुरता काँटॅक्ट लागला आणि मी खूश झालो. जुनी मोटर धडधाकट होती. ती अजून माझ्याकडे पडून आहे.

तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक, वेगात काटा उतरतो. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज जवळपास नसते. म्हणजे पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडतोय, रेडिएटर फारसा चोंदलेला नाही. याच्या उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात गाडी तापत असती तर मी पंख्याकडे बघितलंही नसतं.

दुसरी गोष्ट एसीची, आणि ती जास्त बोलकी आहे. पंख्याला सुरू व्हायचा हुकूम दोन ठिकाणांहून येतो: कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानावरून आणि एसीवरून. दोन्ही हुकमांना तो दाद देत नसेल, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे, म्हणजे मोटर, तिचा कपलर, अर्थिंग किंवा रिलेपाशी. म्हणून उगाच सेन्सर बदलत बसू नका. मात्र एक खात्री करून घ्या. एसी लावल्यावर कंप्रेसरचा क्लच (एसीचा कंप्रेसर इंजिनाला जोडणारा भाग) ‘टक’ करून ओढला जातो का? गॅस कमी असेल तर क्लच ओढलाच जात नाही, मग पंख्यालाही हुकूम जात नाही आणि हा सगळा तर्क बाद. काही गाड्यांना दोन पंखे असतात, एक रेडिएटरचा, एक एसीच्या कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीचा). आपण नेमका कुठला बघतोय तेही पाहून घ्या.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी. गरम इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडायची नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळेच १०० अंशांच्या पुढेही कूलंट उकळत नाही, आणि कॅप सुटली की ते एकदम उकळून अंगावर येतं. आणि बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा पात्यांत बोटं घालायची असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा, फक्त बाटलीत नाही, रेडिएटरच्या तोंडाशीसुद्धा. कॅपची झडप बिघडली की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. मग रेडिएटरवरचा तापमानाचा स्विच हवेत लटकतो, त्याला खरं तापमान कळतच नाही.

आता मोटर. बॅटरी सुटी असताना पंखा हाताने फिरवा. खरखर लागते का, एखाद्या जागी अडकतो का, पातं आडवं डुगडुगतं का? तसं असेल तर मोटरचा दांडा पेलणारं बुश किंवा बेअरिंग संपलंय. सहज फिरत असेल तर मोटरचा कपलर काढा, बॅटरी परत जोडा आणि मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या. वायर जाड घ्या, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि मध्ये तुमच्या मूळ फ्यूजइतक्याच अँपिअरचा फ्यूज टाका. प्लस-मायनस उलटं लागलं तर पंखा उलटा फिरतो आणि हवा पुढे ढकलतो. पंख्याने रेडिएटरमधून हवा इंजिनाकडे ओढायला हवी. पंखा रेडिएटरच्या पुढे बसवलेला असला तरी हवेची दिशा तीच.

डायरेक्टवर फिरला नाही तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकं ठोका. ठोकल्यावर सुरू झाला तर मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) झिजलेत. तिथे मोटरचा दोष सिद्ध झाला, मेकॅनिकचं बरोबर. ठोकूनही हलला नाही तरी निकाल तोच. फिरला तर लगेच समाधान मानू नका, १०-१५ मिनिटं चालू ठेवा. थंड असताना मस्त फिरणाऱ्या आणि तापल्यावर जाम होणाऱ्या मोटरी असतात. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर लावा. एका पंख्याला साधारण १० ते २० अँपिअर लागतात, मोठ्याला थोडे जास्त. पंखा मंद आणि करंट मात्र भरमसाट असेल तर मोटर आतून जड झाली आहे.

मोटर पास झाली की तिच्याकडे येणारा कपलर तपासायचा, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. मल्टीमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, ‘करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मीटरला जवळपास काहीच करंट लागत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली किंवा पिनेवर हिरवा गंज चढलेला असला तरी तो १२ दाखवेल. मोटरने १५ अँपिअर ओढायला घेतले की तेच १२ गडगडतात. म्हणून तिथे बल्ब लावा. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब उत्तम, तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. इंजिन चालू, एसी चालू, कपलरच्या दोन पिनांत बल्ब. लख्ख पेटला तर वाट बऱ्यापैकी मोकळी आहे, पंख्याशी कपलर नीट बसत नसावा. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पेटलाच नाही तर अजून रिलेला दोष देऊ नका. आधी बल्बचं एक टोक थेट बॅटरीच्या प्लसला धरा आणि दुसरं कपलरच्या अर्थिंगच्या पिनेला. आता पेटला तर अर्थिंग ठीक, प्लसच्या बाजूने करंट येत नाही. नाही पेटला तर अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे जा, बोल्ट काढा, पत्रा कोरा होईपर्यंत घासा. (काही गाड्यांत रिले प्लसऐवजी अर्थिंग जोडतो. बल्ब दोन्हीकडून लावून बघितला की कुठली बाजू कायम जोडलेली आहे ते कळतं.)

पंखा फिरतोय पण जोर नाही असं वाटलं, तर फिरत असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं मोटरच्या मायनस पिनेला लावा. शून्याच्या जवळ यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर ती वायर संशयित. इथे मोटर करंट ओढत असते, म्हणून मीटरइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

फ्यूजबद्दलही एक शंका आहे. तुम्ही तो डोळ्यांनी बघितलाय. पायांवर तपकिरी डाग आहेत का? होल्डरचं प्लास्टिक वितळलंय का? फ्यूज शाबूत आणि होल्डर करपलेला, हे जुन्या गाडीत नेहमीचं. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

रिलेचं काम सोपं आहे. त्याच आकाराचा, त्याच पिनांचा दुसरा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो, अदलाबदल करून बघा. पिनांचे आकडे जुळतात ना ते आधी वाचा. रिले ‘टक’ वाजतो म्हणून तो चांगला असं समजू नका. तो आवाज कॉइलमुळे होतो, आतले काँटॅक्ट जळलेले असू शकतात. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या मोठ्या करंटच्या पिना फ्यूज असलेल्या वायरीने जोडा. पंखा फिरला तर तिथून मोटरपर्यंतचं सगळं ठीक, आणि दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात.

हुकमाची बाजू थोडक्यात, कारण तुमच्याकडे ती संशयित कमी आहे. रेडिएटरवर दोन वायरींचा थर्मोस्विच असेल तर तो साधारण ९२ ते ९७ अंशांना जोडला जातो. चावी चालू ठेवून त्याच्या कपलरच्या दोन वायरी जोडल्या की पंखा फिरायला हवा. फिरला तर स्विच बदलायच्या आधी रेडिएटर तिथे खरंच गरम होतोय ना ते बघा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतं, रेडिएटर थंड राहतो आणि पंखा विनाकारण बदनाम होतो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) असलेल्या गाडीत तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढून चावी चालू करा. अनेक गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून पंखा लगेच सुरू करतो. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असू शकतो, त्यामुळे काटा बरोबर दाखवतो म्हणजे ईसीयूलाही बरोबर कळतं असं नाही.

तोवर गाडी वापरायचीच असेल तर काटा चढू लागताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर जोरात. घामाघूम व्हाल, पण हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनाची बरीच उष्णता काढून घेतो. तरीही काटा लाल रेषेकडे सरकला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं की हेड गॅस्केटचं (त्याखालच्या सीलचं) काम निघतं, आणि त्यापुढे पंख्याची मोटर म्हणजे किरकोळ खर्च. डॅशबोर्डवर बटण लावून पंखा कायमचा डायरेक्ट करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. एक दिवस बटण दाबायला विसराल आणि गाडी तापेल, नाहीतर बंद करायला विसराल आणि सकाळी बॅटरी उतरलेली.

आधी डायरेक्ट करंट, मग कपलरवर बल्ब, एवढं करा आणि काय दिसलं ते लिहा. आणि मोटरच गेलेली निघाली तर जुना कपलर न तपासता नव्या मोटरला लावू नका. पिना काळवंडलेल्या असतील तर तो वायरीच्या तुकड्यासकट कापून नवा बसवा.