ट्रायलमध्ये नाव घालू का? वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवर होणाऱ्या ट्रायल, म्हणजे उपचारांच्या चाचण्या, तपासून मंजूर करणारी समिती) मी बसते, तेही डॉक्टर किंवा वकील म्हणून नाही, साधी बाहेरची बाई म्हणून, कारण कमिटीत अशी एक खुर्ची ठेवावीच लागते. त्यावर बरीच पत्रं आली, मेल आले. कुठलं औषध घ्यावं ते मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. ट्रायल कशी चालते, कुठे शोधायची आणि कुठून पळ काढायचा, एवढं मला सांगता येईल. पत्र पाठवणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ऑपरेशन ठरलंय. परवा ओपीडीत एक मॅडम म्हणाल्या की एक ट्रायल चालू आहे, तुम्ही त्यात बसताय, हे पेपर घ्या. घरी सगळे म्हणतात गरिबांवर प्रयोग करतात, सही करू नको. नाही म्हटलं तर ट्रीटमेंट मागे पडेल का? (भांडुप)

दादा, शेवटचं आधी सांगते. नाही म्हटलंत तरी नेहमीची ट्रीटमेंट ठरली होती तशीच मिळाली पाहिजे, आणि हो म्हणून मधेच बाहेर पडलात तरी तेच, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. हे त्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, शोधा, सापडेल. कोणी वेगळा सूर लावला तर त्याच पत्रकात एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो तुमच्यासाठीच दिलेला असतो, पण फार कमी लोक फिरवतात.

घरच्यांची भीती अगदीच हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. नीट न सांगता लोकांना ट्रायलमध्ये घातल्याच्या तक्रारी आपल्या देशात झाल्यात, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2013 मध्ये कोर्टानं सरकारला चांगलं झापलं आणि मग नियम घट्ट होत होत 2019 चे नवे नियम आले. आता कमिटीत कमीत कमी सात माणसं लागतात आणि त्यातली निम्मी तरी त्या हॉस्पिटलच्या बाहेरची.

पण प्रयोग म्हणजे दर वेळी नवीन अनोळखी औषध टोचणं असंही नाही हो. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांत एक ट्रायल झाली, त्यात ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या आजूबाजूला लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे बधीर करायला देतात ना तेच, अगदी स्वस्तातलं. सुमारे 1600 बायका होत्या, अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. 2023 मध्ये निकाल छापून आला, पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्या बायका इंजेक्शनवाल्या गटात 86.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 82.6 टक्के. चार टक्के ऐकायला कमी वाटतात, पण आपल्याकडे या आजाराच्या किती बायका आहेत ते बघा.

तर तुम्ही असं करा, पेपर घरी न्या, तिथल्या तिथे सही नको. बायकोला स्वतःला वाचू द्या, सही तिची आहे, तुमची नाही. मराठीत पत्रक मागा, तो हक्क आहे (काही मराठी पत्रकं इतकी अवघड असतात की मीच मीटिंगमध्ये भांडते, ते असो). आणि मग त्या मॅडमना सरळ विचारा, ट्रायलमध्ये नसते तर हिला काय मिळालं असतं? त्यापेक्षा जास्तीचं काय होणार, किती वेळा यावं लागेल, किती रक्त काढणार, जायचं यायचं भाडं मिळेल का, रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर मी तरी सही करणार नाही.

ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात आणि भरपाई स्पॉन्सरनं, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीनं किंवा संस्थेनं, द्यायची असते, हेही पत्रकात असतं. सही केलेली एक कॉपी मागून घ्या, ती प्लास्टिकच्या फाइलमध्ये रिपोर्टबरोबरच ठेवा.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, एक केमो होऊन परत आलाय. नेटवर शोधलं तर सगळ्या अमेरिकेतल्याच ट्रायल दिसतात. मुंबईतल्या कशा शोधायच्या? (डोंबिवली)

आपल्या देशाची रजिस्ट्री आहे, सीटीआरआय म्हणतात, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. 2007 मध्ये सुरू झाली, आयसीएमआर (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) चालवतं, 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे आणि ती पहिला पेशंट घ्यायच्या आधी करायची असते. साइट फुकट आहे. दिसायला जुनाट आहे, इंग्रजीत आहे, पण चालते.

सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका, तोंडाच्या कॅन्सरसाठी ओरल कॅव्हिटी, हेड अँड नेक, दोन्ही टाकून बघा कारण एकाच शब्दावर सगळं येत नाही. एखादी ट्रायल उघडलीत की आधी खाली जाऊन भारतातलं रिक्रूटमेंट स्टेटस, म्हणजे पेशंट घेणं चालू आहे का, ते बघा, ओपन असेल तरच पुढे वाचा नाहीतर उगाच आशा लागते. मग साइट्सची यादी, त्यात हॉस्पिटल, डॉक्टरचं नाव आणि फोन असतो, मुंबई-नवी मुंबई शोधा, खारघरचं अॅक्ट्रेक टाटाचंच आहे ते विसरू नका. मग इन्क्लुजन आणि एक्स्क्लुजन क्रायटेरिया, म्हणजे कोणाला घेणार, कोणाला नाही. तुमच्या बाबतीत सगळी गंमत इथेच आहे, कारण बऱ्याच ट्रायलमध्ये आधी केमो झालेला पेशंट चालत नाही, काहींना मुद्दाम तसाच हवा असतो, काहींना किडनीचे रिपोर्ट ठरावीक आकड्यांतच लागतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, नवीन ट्रीटमेंटचा पहिला डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा की यासाठी काही ट्रायल चालू आहे का, एकदा डोस गेला की काही दारं बंद होतात. पण ट्रायल शोधायच्या नादात चालू ट्रीटमेंट महिनाभर लांबवू नका, तेही तितकंच वाईट.

अजून एक, रजिस्ट्रीत नाव आहे म्हणजे सरकारनं पास केलंय असं नाही, ती फक्त नोंद आहे. त्याच पानावर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि डीसीजीआयची (देशाच्या औषध नियंत्रकांची) मंजुरी असे वेगळे रकाने आहेत ते वाचा. डीसीजीआयच्या रकान्यात लागू नाही असं असलं तर लगेच घाबरू नका, ऑपरेशनच्या किंवा आधीच बाजारात असलेल्या औषधांच्या कॉलेजमधल्या अभ्यासांना कधीकधी ती लागत नाही. एथिक्स कमिटीची मात्र हवीच.

साइटवर ओपन दिसतं आणि प्रत्यक्षात जागा भरलेल्या असतात, असं खूप होतं, तेव्हा फोन करूनच निघा. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत वडिलांना न्यायच्या आधी बायोप्सीचा रिपोर्ट, ब्लॉक-स्लाइड (बायोप्सीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने), स्कॅनची सीडी, आधीच्या केमोचं डिस्चार्ज कार्ड घेऊन तुम्ही एकटेच जाऊन या, ट्रायलचे कोऑर्डिनेटर कागद बघून बरंचसं सांगतात.

प्रश्न : ट्रायलमध्ये कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार आणि त्यावरून माझ्या मिस्टरांना कुठली ट्रीटमेंट ते ठरणार, हे कसलं विज्ञान? आणि नुसती साखरेची गोळी मिळाली तर? (गिरगाव)

ताई, राग कळतो. कॅन्सरसारख्या आजारात चालणारं औषध असताना ते काढून घेऊन नुसती खोटी गोळी देत नाहीत, साधारणपणे नेहमीचं औषध दोघांनाही आणि त्यावर एकाला नवीन, दुसऱ्याला खोटी. तुमच्या ट्रायलमध्ये नेमकं काय ते पत्रकात असतं.

आता चिठ्ठी. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठी दिसत नाहीत, तर मानेचं ऑपरेशन तेव्हाच करायचं की गाठ आली तर करायचं, यावर सर्जन लोकांत कित्येक वर्षं वाद होता, दोन्ही बाजूंना मोठी मोठी माणसं. टाटानं चिठ्ठी पद्धतीनं ट्रायल केली, 2015 मध्ये निकाल आला, तीन वर्षांनंतर, मानेचं ऑपरेशन तेव्हाच केलेल्यांत 80 टक्के हयात, थांबलेल्यांत 67.5 टक्के. म्हणजे थांबणाऱ्या गटात पडलेल्यांचं नुकसान झालं हे खरंच आहे, मी ते झाकणार नाही. पण ते आधी कोणालाच माहीत नव्हतं, आणि ट्रायल झाली नसती तर अर्धे सर्जन अजूनही थांबा म्हणत राहिले असते. डॉक्टरला निवडू दिलं तर तो नकळत धडधाकट पेशंट एका बाजूला टाकतो, मग फरक औषधाचा की माणसाचा कळत नाही, म्हणून कॉम्प्युटर. हे पटत नसेल तर सही करू नका, त्यात काही चूक नाही.

प्रश्न : मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. एका क्लिनिकवाल्यांनी स्टेम सेलची ट्रायल आहे म्हणून काही लाखांचं पॅकेज सांगितलंय. दागिने मोडायचे का? (कुर्ला)

नाही. ट्रायलचं औषध पेशंटला विकत नसतात. स्टेम सेलबद्दल तर आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की मोजके मान्य उपचार सोडले (मुख्यतः रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट) तर बाकी सगळं मंजूर ट्रायलमध्येच करायचं आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्या क्लिनिकला सीटीआरआय नंबर मागा, त्यात वर्ष असतं, रजिस्ट्रीत टाकून बघा. नंबर दिला नाही, किंवा दिला आणि आजारच भलता निघाला, तर उठून या. पावती, व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा, तक्रार करायला लागतील. फिजिओ बंद करू नका.

प्रश्न : नवीन औषध आईला लागू पडतंय असं वाटतंय, पण ट्रायल संपत आलीय. नंतर मिळेल का? (चेंबूर)

नियमात तरतूद आहे, पण अटी आहेत. ट्रायलच्या डॉक्टरनं शिफारस करायला हवी, कमिटीनं मान्य करायला हवं, दुसरा पर्याय नसायला हवा, आणि तुम्हाला लिहून द्यावं लागतं की पुढे काही झालं तर स्पॉन्सरवर जबाबदारी नाही. हे सगळं जमलं तर औषध फुकट. डॉक्टरांशी आत्ताच बोला, शेवटच्या व्हिजिटची वाट बघू नका, कमिटीच्या मीटिंगा रोज नसतात.

प्रश्न : मित्र म्हणतो दोन दिवस ॲडमिट व्हायचं, गोळी खायची, रक्त द्यायचं आणि पैसे मिळतात. कॉलेजची फी भरायचीय. जाऊ का? (कल्याण)

अरे, हे खरं असतं, धडधाकट माणसांवर गोळी शरीरात किती शोषली जाते ते बघतात आणि वेळेचे पैसे देतात. पण तुझा मित्र ज्या एजंटमार्फत जातो तो दोन ट्रायलच्या मधे ठरावीक काळ थांबायला सांगतो का? साधारण तीन महिने तरी मधे जायला लागतात, आणि लोक पैशासाठी खोटं बोलून महिन्याभरात दुसरीकडे उभे राहतात, मग कशाचा त्रास कशामुळे झाला ते कोणीच सांगू शकत नाही. जायचंच तर फॉर्म स्वतः वाच, घरी एकाला तरी सांगून जा, नुकतंच रक्तदान केलं असशील तर ते लपवू नकोस. फीचं म्हणशील तर आधी कॉलेजच्या ऑफिसात हप्ते करून मिळतात का विचार, बऱ्याच ठिकाणी मिळतात.