वाचकांचे प्रश्न : एनक्लेक्समध्ये डॉक्टरांना कधी बोलवायचं?

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून परवाना हवा असेल तर ‘एनक्लेक्स-आरएन’ ही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही आता हीच परीक्षा धरतात. केंद्र मुंबईतही आहे. या महिन्यात तिच्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत.

आयसीयूत बरीच वर्षं काम केलं आहे. तरी ‘सर्वांत आधी काय कराल?’ हा प्रश्न आला की सरावात हमखास चुकते. असं का? (सांगली)

चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बघा. बहुतेक ठिकाणी तुम्ही ‘डॉक्टरांना कळवणे’ या पर्यायावर खूण केलेली असेल. आपल्याकडे वॉर्डात तीच शिस्त असते, म्हणून हात तिकडे जातो. एनक्लेक्स मात्र एवढंच तपासते, की डॉक्टर येईपर्यंत नर्सने स्वतःच्या अधिकारात करण्यासारखं काही उरलं आहे का? उरलं असेल तर आधी ते.

रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली, पेशंटला थंडी वाजून ताप आला आणि कंबर दुखू लागली. पहिलं काम, रक्त बंद करणं. मग सेट (रक्ताची नळी) बदलून नव्या सेटने नॉर्मल सलाइन. जुन्या सेटमधूनच सलाइन सोडलं तर नळीत राहिलेलं रक्त पेशंटच्या अंगात जातं. तो पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि तिथे अनुभवी मुलीही फसतात. त्यानंतर व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, श्वास, ताप), डॉक्टर आणि ब्लड बँकेला फोन, पिशवी आणि सेट ब्लड बँकेकडे परत.

मग फोन हे उत्तर कधी बरोबर? बाळंतिणीचं उदाहरण घ्या. रक्तस्राव जास्त आहे आणि गर्भाशय मऊ लागतंय, तर आधी मसाज. गर्भाशय एका बाजूला सरकलेलं असेल तर मूत्राशय भरलंय, ते रिकामं करायला लावायचं. पण गर्भाशय घट्ट आणि मध्यावर आहे आणि तरीही लाल रक्ताची धार थांबत नाही, तर आत कुठेतरी फाटलेलं असण्याची शक्यता आहे. मसाजचा उपयोग नाही, टाके घालणं तुमच्या हातात नाही. इथे डॉक्टर.

वॉर्डातल्या सवयीमुळे कामवाटपातही असाच घोळ होतो. नर्सिंग असिस्टंटकडे स्थिर पेशंटचे व्हायटल्स, आंघोळ, चालवणं, भरवणं देता येतं. पण स्ट्रोकच्या पेशंटचा पहिला घास नाही, कारण त्याला गिळता येतं का हे अजून कुणी तपासलेलं नाही. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं आणि परिणाम जोखणं ही तिन्ही कामं आरएनचीच, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचीच. आपल्याकडे भरवणं नातेवाइकांवर सोडलेलं असतं, त्यामुळे त्यात धोका असतो हे चटकन लक्षात येत नाही.

‘लागू असलेले सर्व पर्याय निवडा’ यात चुकीच्या खुणेला गुण कापतात का? (नाशिक)

हो, पण त्या प्रश्नापुरतेच. शून्याखाली जात नाहीत. सहा पर्यायांत चार बरोबर आहेत आणि तुम्ही सहाही निवडले, तर चार वजा दोन, म्हणजे दोनच गुण. खात्रीच्या तिघांवरच खूण केली असती तर तीन मिळाले असते. म्हणून ‘असू दे, टाकूया’ म्हणून जादा खूण करू नका.

‘तीन पर्याय निवडा’ असा आकडा दिलेला असेल तर गुण कापत नाहीत, आणि बो-टाय प्रश्नातल्या (मधे आजार, एका बाजूला दोन उपाय, दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी) पाच जागांनाही कापत नाहीत. तिथे अंदाजाने का होईना, भरा. एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही.

औषधाच्या मात्रेच्या गणितात उत्तर दुपटीहून जास्त येतं. नेमकं कुठे बिघडतं? (लातूर)

पाउंडात. वजन १७६ पाउंड, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ताशी किलोमागे १८ युनिट, पिशवीत २५० मिलीलिटरमध्ये २५,००० युनिट. आधी १७६ भागिले २.२, म्हणजे ८० किलो. ८० गुणिले १८, म्हणजे ताशी १,४४० युनिट. एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट, म्हणून पंप ताशी १४.४ मिलीलिटरवर. पाउंडाचे किलो करायचे राहिले तर ३१.७ येतं, तुमचं ‘दुपटीहून जास्त’ ते हेच. किती दशांशांपर्यंत लिहायचं हे प्रश्नातच दिलेलं असतं. ते वाचायचं राहिलं तर बरोबर गणितही चुकीचं ठरतं.

औषधांची अमेरिकी नावंही आत्तापासून वहीत लिहा : पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटॅमिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन.

८५ प्रश्नांवर संगणक बंद झाला तर पास समजायचं का? (पणजी)

नाही. किमान ८५, कमाल १५० प्रश्न असतात. तुम्ही पास रेषेच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. ती खात्री दोन्ही बाजूंनी होऊ शकते. वेळ पाच तासांचा, विश्रांती त्यातच धरून. १५० पर्यंत जावं लागेल असं धरून एका प्रश्नाला दोन मिनिटं ठेवा. वेळ संपेपर्यंत ८५ झाले नाहीत तर थेट नापास. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. चालेल? (कोल्हापूर)

केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. त्यामुळे परीक्षेचा अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरा, अक्षरन्‌अक्षर तसाच. नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही बुडते. कॉलेज आणि कौन्सिलची कागदपत्रं तपासणीला जातील तेव्हा लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत जोडा. पासपोर्टवरचं नावच बदलायचं असेल तर ते परीक्षेचा अर्ज भरण्याआधी उरका.