भूत साठाव्या पानावरच ओळखलं!

प्रश्न: वीसेक वर्षं भयकथा वाचतोय, हाताला लागेल ती. नुकतीच एक जाडजूड थ्रिलर संपवली. आजी, आई, मुलगी अशा तीन पिढ्या, एकच घर आणि रात्री जिन्यावर पावलं वाजतात. साठाव्या पानावर कळलं की भूत म्हणजे आजीची बुडून मेलेली बहीण, आणि पुढची तीनशे पानं मी घरातल्यांना हे कधी कळतंय याची वाट बघत बसलो. शेवटी ट्रंकेत डायरी सापडते, संपलं. बायको म्हणते, अती वाचतोस म्हणून तुला काही भिडत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर: वहिनींचं अर्धं बरोबर आहे, मुरलेल्या वाचकाला शिवण दिसतेच. पण भूत कोण हे लवकर कळलं म्हणून भूतकथा मरत नाही हो. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाची १७६४ची कादंबरी 'द कासल ऑफ ओट्रॅन्टो' घ्या, सुरुवातीलाच ऐन लग्नाच्या दिवशी राजपुत्र एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो (आज वाचताना जरा हसूच येतं) आणि या घराण्याचं काहीतरी जुनं देणं आहे हे आपल्याला तिथंच कळतं. पुढे उलगडतं की त्या राजपुत्राच्या पणजोबानं मालकाला विष घालून गादी लाटलेली, नातू ती सोडायला तयार नाही आणि जीव गेला पणतूचा. म्हणजे प्रत्येक पिढीचा त्या पापाशी वेगळा संबंध आहे.

तुमच्या कादंबरीत काय, तर आजी पावलं ऐकते नि किंचाळते, मग आई किंचाळते, मग मुलगी. सीन एकच, कपडे बदलले. बहीण मेली त्यातून कुणाला काय मिळालं, हे कुणी विचारतच नाही! समजा त्या बहिणीचं जिथं लग्न ठरलं होतं त्याच माणसाशी आजीनं लग्न केलं असतं, तर आई आणि मुलगी जन्मल्याच त्या मरणामुळे, आणि मग जिन्यावरची पावलं ऐकताना साठाव्या पानानंतर जास्त भीती वाटली असती, कमी नाही.

आणि ती डायरी! बुडण्याच्या आदल्या रात्री बाई सगळं तारीखवार, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवते, इतकी सोय तर जिवंत माणसंही करत नाहीत.

आता एक करा, पुस्तक वहिनींना द्या, काही सांगू नका, आणि कितव्या पानावर भूत ओळखलं ते विचारा.