जुनी, स्वस्त मोटारबोट घेण्यापूर्वी काय काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की १६ फुटी, वीसेक वर्षं जुनी फायबरग्लासची बोट ४० एचपीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या) इंजिनासकट स्वस्तात मिळतेय, "इंजिन एका झटक्यात सुरू होतं" असं मालक म्हणतोय, तर बघायला जाताना काय तपासायचं. इंजिनाचं नंतर. आधी बोटीच्या मागे जाऊन उभे राहा.

इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं तो ट्रान्सम. जुन्या फायबर बोटींत बहुतेक वेळा त्याच्या पोटात प्लायवूड असतं, आणि बाहेरून सगळं चकचकीत दिसत असताना ते आत कुजत राहतं. इंजिन अर्धवट वर उचला, त्याचा खालचा भाग धरून अंगाचा भार देत वरखाली करा. ट्रान्सम आणि ब्रॅकेटचा (इंजिन ट्रान्समला अडकवणाऱ्या लोखंडी पकडीचा) सांधा कसा वागतो हे बघायला दुसरा माणूस हवा, कारण टिल्टच्या, म्हणजे इंजिन वर उचलायच्या बिजागरीच्या, पिनांमधली ढिलाईही हाताला तशीच लागते. ट्रान्समची वरची कड हलली किंवा ब्रॅकेटभोवतीच्या चिरा उघडमीट करू लागल्या, तर लाकूड गेलंय.

मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने सगळीकडे हलकेच ठोका. धड भागात टणक, खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत ओल आहे किंवा थर सुटलेत. शंका राहिली तर मालकाची परवानगी घेऊन खालच्या बाजूचा एखादा स्क्रू काढा, उदाहरणार्थ फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरचा. आट्यांना कोरडा, फिकट भुसा चिकटून आला तर ठीक. काळपट ओला लगदा आला, किंवा भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर कूज नक्की. असे स्क्रू अनेकदा सीलंट न लावता पिळलेले असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. ट्रान्सम बदलायचा म्हणजे इंजिन उतरवायचं, आतला फायबरचा थर कापायचा, कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं आणि नवं प्लाय रेझिनने बसवायचं. स्वस्त बोटीला हा खर्च झेपत नाही. असं दिसलं की मी घासाघीस करत नाही, सरळ निघतो.

आत अनवाणी चाला. डेक पायाखाली दबत असेल तर खालचे आधारही बघावे लागतील. जमलं तर बोट वजनकाट्यावर न्या. ट्रेलर आणि इंजिनाचं वजन वजा करूनही ती कंपनीच्या आकड्यापेक्षा बरीच जड भरली, तर बोट तरंगती राहावी म्हणून आत भरलेल्या फोमने पाणी प्यायलंय. कोपऱ्यांवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुधा वरवरच्या असतात, तळावरच्या लांब, समांतर चिरा मात्र वरवरच्या नसतात.

आता इंजिन. मी येईपर्यंत ते सुरू करू नका, असं आधीच बजावून ठेवा आणि पोहोचल्यावर कव्हर काढून हात लावून बघा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालवून ठेवलंय; गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. पाण्याशिवाय कोरडं तर क्षणभरही चालवू देऊ नका, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी इम्पेलर (फिरतं चाक) काही सेकंदांत खराब होतं. पाण्याची नळी आणि मफ (इंजिनाच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे रबरी कप) लावा. सुरू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची सलग धार यायला हवी.

इंजिन कोमट झालं की बंद करून सगळे प्लग काढा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब मोजणारं गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत क्रँक करा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, गेजप्रमाणेही. म्हणून मी आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघतो. तो १० टक्क्यांच्या आसपास असला तर चालेल. एकच सिलिंडर बराच मागे असेल तर पिस्टन किंवा रिंग गेलेली धरा.

गिअर ऑइलची तपासणी मात्र इंजिन सुरू करण्याआधीच उरका. बोट रात्रभर उभी असताना इंजिन सरळ ठेवलेलं असेल, तर पाणी ऑइलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल केला की आधी पाणीच टपकतं. ऑइल दुधाळ असेल तर सील गेलंय. प्रोपेलरमागे गुंडाळलेल्या मासेमारीच्या दोरानेही ते कापलं जातं. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी पेस्ट चालते, धातूचे कपचे नाही. स्क्रू परत लावताना नवा वॉशर वापरा.

प्रोपेलर हाताने फिरवून शाफ्टचं टोक बघा. डगमगलं तर शाफ्ट वाकलाय. इंधनाची नळी दाबून बघा, भेगाळलेली असेल तर बदलायचीच, आणि प्रायमर बल्ब (नळीवरचा, इंधन पुढे ढकलायचा रबरी फुगा) दाबल्यावर कडक राहायला हवा. तारांचे जोड हिरवे पडलेले असतील तर वायरिंगचा खर्च धरा.

इथवर सगळं पास झालं तरच पाण्यात उतरवा. नेहमीइतकी माणसं बसवून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेत यायला हवा, आउटबोर्डला ही मर्यादा साधारण ५००० ते ६०००च्या दरम्यान असते. कमी आला तर ताकद नाही किंवा प्रोपेलर चुकीचा. आरपीएम वर जातो पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्रोपेलरच्या आतलं रबर घसरतंय. ते काम स्वस्तातलं आहे, त्यासाठी चांगली बोट सोडू नका. किनाऱ्याला आल्यावर तळाशी किती पाणी साचलंय ते बघा, आणि पैसे देण्याआधी इंजिन व बोट, दोन्हींवरचे नंबर कागदपत्रांशी ताडून घ्या.