मधमाशीला फुलाचा वास ओळखू कसा येतो?

प्रश्न : निफाडजवळ आमचा कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट आहे. मधपेटीतली माशी सकाळभर कांद्याच्याच गोंड्यांवर फिरते, शेजारच्या फुलांकडे वळतही नाही. तिला वास लक्षात राहतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, आणि फार लवकर. मधमाशी वास घेते ती डोक्यावरच्या दोन शृंगिकांनी. त्यांवर हजारो गंधपेशी असतात. फुलावर बसताना आलेला वास आणि लगेच मिळालेला मकरंद यांची सांगड तिच्या मेंदूत बसते. प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसते : माशीला हळुवार अडकवून एखादा वास दिला आणि शृंगिकेला साखरेचे पाणी लावले, की ती सोंड बाहेर काढते, असे दोन-तीनदा घडले की पुढे नुसत्या वासानेही सोंड बाहेर येते, आणि ही आठवण कित्येक दिवस टिकते.

शिकणे पोळ्यातही चालते, हे मला विशेष विलक्षण वाटते. परतलेल्या माशीच्या अंगाला फुलाचा वास असतो आणि ती इतरांना मकरंद भरवते. त्यामुळे ज्यांनी ते फूल पाहिलेही नाही, त्या माश्याही तोच वास शोधत बाहेर पडतात. म्हणूनच फुलोरा सुरू झाल्यावरच पेट्या प्लॉटमध्ये आणाव्यात, म्हणजे माश्या आधी दुसऱ्याच फुलांचा वास शिकून बसत नाहीत; आणि त्या काळात फवारणी टाळावी.